कासवाची पोटजात

मराठी शिकविणाऱ्या माणसाने सर्व शब्दांवर सारखी माया करावी, अशी लोकांची अपेक्षा असते. मला ते साधलेले नाही. ‘पोटजात’ हा शब्द तर विद्यार्थिदशेपासून मला नकोसा वाटत आला आहे. वर्तमानपत्रांतील वधूवरांच्या जाहिरातींत तो अजून पाय पसरून बसलेला असतो. ‘पोटजातीची अट नाही’ असे छापणाऱ्या गृहस्थांना आपण जगावर केवढे उपकार करीत आहोत असे वाटत असते. आणि पुढच्याच ओळीत उंची, रंग, पगार व मुंबईतला स्वतःच्या मालकीचा फ्लॅट अशा अटींची रांग लागते. या शब्दाला आता पेन्शन देऊन घरी बसवावे असे माझे मत होते, आणि माणसांच्या बाबतीत ते आजही कायम आहे. मौज अशी की, यंदाच्या पावसाळ्यात याच शब्दाची बाजू घेऊन मला शेजाऱ्यांशी वाद घालावा लागला. निमित्त झाले दोन कासवांचे.

डहाणूला आमच्या बिऱ्हाडाशेजारी रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. मागे चिकूची वाडी, पुढे ओटी आणि ओटीवर निळा प्लॅस्टिकचा टब. त्या टबात राजा आणि राणी गेली सहा वर्षे नांदत आहेत. नातवाच्या वाढदिवसाला काकांनी ती मुंबईच्या एका दुकानातून आणली, तेव्हा दहा रुपयांच्या नाण्याएवढी होती. ‘एवढीच राहतात’ असे दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितले होते. राणी आज नाश्त्याच्या बशीहून मोठी झाली आहे. राजा तिच्यापुढे लहानखुरा, पण त्याच्या पुढच्या पायांची नखे मात्र लांबच लांब. अलीकडे तो राणीच्या तोंडासमोर पाण्यात तरंगत राहतो आणि दोन्ही पंजांची नखे तिच्या गालांशी थरथरवतो. काकू म्हणतात, तो तिला वारा घालतो. काकांच्या मते तो नमस्कार करतो. या जातीच्या नराची प्रियाराधनाची रीतच ती आहे, हे पाचवीतल्या नातवाने मोबाईलवर पाहून ठेवले होते, आणि आता त्याला पिल्ले हवी होती.

“सर, तुम्ही शिकलेले. या दोघांचं जमेल का, जरा बघून सांगा,” काका एका संध्याकाळी म्हणाले.

“काका, मी मराठी शिकवतो.”

“मग निदान पत्रिका तरी वाचाल!” असे म्हणून त्यांनी दुकानदाराची जुनी चिठ्ठी पुढे केली. तीवर दर, खाद्याचा डबा आणि खाली एक लॅटिन नाव लिहिले होते : ट्रॅकेमिस स्क्रिप्टा.

या ‘स्क्रिप्टा’ने मला पकडले. स्क्रिप्टा म्हणजे लिहिलेले. ज्या जुन्या पंडिताने हे नाव ठेवले, त्याला या प्राण्याच्या अंगावरच्या पिवळ्या रेघोट्या लिखाणासारख्या दिसल्या असाव्यात. कोणी काही लिहिले आहे म्हटल्यावर ते वाचल्यावाचून मला राहवत नाही. मी चष्मा पुसून टबापाशी बसलो.

वाचायला शिकले की मजकूर अवघड नाही. या एकाच जातीच्या तीन पोटजाती आहेत. तिघींचे माहेर अमेरिका, पण प्रत्येकीचा मुलूख वेगळा. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातून मेक्सिकोच्या आखातापर्यंत राहणारी ती ‘एलिगन्स’. तिच्या डोळ्यामागे कुंकवाच्या बोटासारखा लाल पट्टा असतो. व्हर्जिनियापासून उत्तर फ्लॉरिडापर्यंतच्या किनारपट्टीकडची ती ‘स्क्रिप्टा स्क्रिप्टा’. तिच्या डोळ्यामागे पिवळा मोठा डाग असतो, पोट बहुतेक कोरे पिवळे असते, आणि मागून पाहिले तर मांड्यांवर उभ्या पट्ट्यांची विजार घातल्यासारखी दिसते. तिसरी कंबरलंड आणि टेनेसी या नद्यांच्या वरच्या खोऱ्यातली. तिच्या डोळ्यामागचा पट्टा अरुंद आणि पिवळसर. राणीच्या कानशिलावर लाल पट्टा ठसठशीत होता, आणि पोटाच्या प्रत्येक खवल्यावर शाईचा डाग पडावा तसा काळा ठिपका होता. राजाला उलटा धरला, तर पोट पिवळेजर्द, ठिपके पुढच्या बाजूला दोन-चार. आणि मागे ती विजार!

“काका, राणी एका पोटजातीची आहे आणि राजा दुसऱ्या,” मी निकाल सांगितला.

“म्हणजे पिल्लं होणार नाहीत?”

“होतील की. पण ती धड आईच्या घरची नसतील आणि धड बापाच्याही नसतील. लाल पट्टा फिकटेल, पोटावरचे ठिपके अर्धे येतील. आणि त्यांची पिल्ले पुन्हा कोणाशी जुळली, तर कोण कुठले हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येणार नाही.”

काका माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी मला अडकवणारा प्रश्न टाकला. “आणि दरवर्षी कॉलेजात आंतरजातीय विवाहावर भाषण देता ते?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. माणसाची पोटजात माणसांनीच लिहिलेली आहे. ती पुसली तर कोणाचे काही बिघडत नाही, झाला तर फायदाच होतो. कासवाची पोटजात कोणी लिहिलेली नसते. एकाच जातीची कासवे नद्यांनी, डोंगरांनी, समुद्राने हजारो-लाखो वर्षे वेगळी पडली, तेथल्या पाण्याला, उन्हाला, खाण्याला रुळली, त्याची ती खूण असते. माणसाची पोटजात ही त्याच्या दारावर दुसऱ्याने ठोकलेली पाटी आहे. कासवाची पोटजात हा त्याचा पत्ता आहे. पत्ता हरवलेले कासव मरत नाही, चांगले तीस-तीस वर्षे जगते. फक्त त्याला परत कोठे पाठवायचे हे कोणाला सांगता येत नाही.

हा पत्ता किती मोलाचा, हे पॅसिफिक महासागरातल्या गालापागोस बेटांवर दिसून आले. तेथे निरनिराळ्या बेटांवर निरनिराळी महाकाय कासवे. त्यांना कोणी स्वतंत्र जाती म्हणतात, कोणी पोटजाती. विद्वानांचा तो वाद चालूच आहे. एस्पान्योला नावाच्या बेटावरची कासवे संपत आली. खलाशांनी ती मांसासाठी पळवली, पुढे सोडलेल्या शेळ्यांनी हिरवा पाला फस्त केला. शेवटी उरली चौदा : बारा माद्या आणि दोन नर. ती सर्व उचलून पैदास केंद्रात आणली. इतक्यात ध्यानात आले की, अमेरिकेतल्या सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात एक नर आहे, तो याच बेटाचा. १९७० नंतरच्या त्या दशकात त्याला परत नेले. या दिएगोने असा संसार केला की, बेटावर सोडलेल्या सुमारे दोन हजार पिल्लांपैकी जवळजवळ चाळीस टक्क्यांचा बाप तोच निघाला. २०२० साली हे काम संपले, आणि त्याच वर्षी म्हातारा दिएगो आपल्या बेटावर परत गेला.

याच्या उलट गोष्ट जॉर्जची. पिंटा बेटावर १९७१ साली एकच कासव सापडले. त्याला जोडीदारीण म्हणून शेजारच्या मोठ्या बेटावरील वुल्फ ज्वालामुखीच्या कुशीतल्या दोन माद्या दिल्या. पुष्कळ वर्षांनी, २००८ साली, अंडी झाली; ती वांझ निघाली. मधल्या काळात आनुवंशिक तपासणीने दाखवले होते की, जॉर्जचे जवळचे नातलग म्हणजे एस्पान्योलाची कासवे. २०११ साली तेथल्या माद्या आणून ठेवल्या. २०१२ च्या जूनमध्ये जॉर्ज गेला, आणि पिंटाचा वंश त्याच्याबरोबर गेला. तरुणपणीच त्याला त्या माद्या मिळाल्या असत्या तर काय झाले असते, याचे उत्तर कोणापाशी नाही. पण सोयरीक जुळवताना घराणे आधी पाहायचे की मागाहून, याचे उत्तर मात्र मिळाले.

काकांना ही गोष्ट आवडली, विशेषतः दिएगोची. पण ते हिशेबी गृहस्थ आहेत. “तिथे कासवं संपत आली होती. माझ्या टबात कोण संपलंय?” त्यांनी विचारले. अगदी बरोबर बोलले! लाल पट्ट्याचे हे कासव जगात कोठेही संपत आलेले नाही. उलट, उपद्रवी परदेशी जीवांच्या ज्या शंभर जातींची कुप्रसिद्ध यादी आहे, तीत ते जाऊन बसले आहे. हौसेने घ्यायचे, मोठे झाले की जवळच्या तळ्यात सोडायचे, हा प्रकार साऱ्या जगभर झाला. युरोपने १९९७ साली त्याची आयात बंद केली. पण बंदी घातली ती ‘एलिगन्स’ या एका पोटजातीवर. व्यापारी माणसे आपल्यापेक्षा चांगली वाचक असतात. त्यांनी लाल पट्टा सोडला आणि पिवळा डाग आणायला सुरुवात केली. कायद्यात सारी जात येईपर्यंत २०१६ साल उजाडले. काकांचा राजा हा त्याच पिवळ्या डागाच्या घराण्यातला. तो डहाणूला कोणत्या वाटेने आला कोण जाणे. दुकानदाराच्या चिठ्ठीवर तेवढेच नव्हते.

येथे वाचकांसाठी थोडे कामाचे सांगतो, कारण मुंबई-पुण्यातल्या कितीतरी घरांतून असे टब आहेत. कासवाची ओळख एका खुणेवरून ठरवू नये. डोळ्यामागचा पट्टा, पोटाचा रंग, मागचे पाय, अंगाचा आकार हे सगळे मिळून पाहावे. वय झाले की नर काळवंडतो आणि रेघा पुसट होतात; तेव्हा लहानपणचा फोटो असेल तर तो जपून ठेवावा. मादी मोठी, नर लहान, नराची नखे लांब आणि शेपटी जाड, ही नरमादीची ओळख. ती पोटजातीची नव्हे. अंड्यातून नर निघणार की मादी, हे अंडी कोणत्या उबेत राहिली त्यावर ठरते : थंडाव्यात नर, उकाड्यात माद्या. म्हणजे ‘एक मुलगा, एक मुलगी’ अशी फर्माईश येथेही चालत नाही. आणि कासवाला हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. साल्मोनेला नावाच्या जंतूंमुळे मुले आजारी पडू लागली, म्हणून अमेरिकेने चार इंचांहून लहान कासवे विकण्यास १९७५ सालीच मनाई केली आहे.

वीस किंवा एकवीस नखांचे कासव घरात धन आणते, म्हणून त्यासाठी पैसे मोजणारे महाभाग आपल्याकडे आहेत. बहुतेक कासवांच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार, अशी अठरा नखे असतात. मऊ पाठीच्या कासवाला तर प्रत्येक पायाला तीनच. बाकीची नखे विकणाऱ्याच्या बोटांना असतात, एवढे सांगून हा विषय सोडतो.

आपल्या देशातल्या कासवांची गोष्ट मात्र निराळी आहे. पाठीवर ताऱ्यांची नक्षी असलेले तारका कासव कोणी दुकानात आडून दाखवले, तर ते घेणे हा सरळ गुन्हा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि तीत हे कासव पहिल्या परिशिष्टात आहे. २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. त्याची चोरटी विक्री इतकी की, पकडलेली कासवे सोडायची कोठे हाच मोठा प्रश्न होऊन बसतो. गुजरात-राजस्थानकडची कासवे वेगळी आणि दक्षिणेकडची वेगळी, हे आपल्याच शास्त्रज्ञांनी आनुवंशिक तपासणीने दाखवले आहे, आणि दिसायला ती एकमेकांत मिसळून जातात. सिंगापुरात पकडलेली तारका कासवे भारतात परत आली, तेव्हा हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी त्यांच्या रक्ताच्या धाग्यावरून मूळ गाव शोधण्याचे काम केले होते. पोलिसांनी पकडलेल्या मुक्या साक्षीदाराचा असा जबाब घ्यावा लागतो. आफ्रिकेचे मोठे सल्काटा किंवा आंतरराष्ट्रीय यादीतले दुसरे परदेशी कासव घरात असेल, तर २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची नोंदणी करावी लागते, आणि पिल्ले झाली तर त्यांचीही.

काकांपुढे आता दोन वाटा होत्या. डहाणूत जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारे वनखाते आणि स्वयंसेवकांचे केंद्र आहे. तेथे पिल्ले द्यावीत, हा त्यांचा पहिला बेत. पावसाळ्यात वादळाने किनाऱ्याला लागलेली, जाळ्यात वल्हे तुटलेली ऑलिव्ह रिडले कासवे तेथे येतात. हे खाऱ्या पाण्याचे इस्पितळ. तेथे राजाराणीच्या पोरांना खाट नाही. आपल्या मराठीचीही यात थोडी चूक आहे. समुद्रातले, तळ्यातले आणि माळरानावरचे, तिघांनाही आपण ‘कासव’ हा एकच शब्द वापरतो. म्हणून एखादा भाविक माळावरच्या तारका कासवाला पुण्य म्हणून समुद्रात सोडतो आणि ते बिचारे बुडून मरते. तसे कासवाबाबत आपल्या भाषेत गैरसमज पुष्कळ. कासवी नुसत्या नजरेने पिल्ले पोसते, हा संतांचा आवडता दृष्टान्त. खरी कासवी अंडी पुरून निघून जाते ती मागे वळून पाहत नाही. दृष्टान्त म्हणून तो मला अजून आवडतो. कासवपालनाची माहिती म्हणून त्याचा उपयोग नाही.

दुसरी वाट तलासरीची होती. “कुर्झे धरणात सोडू. एवढं पाणी! पुण्यही लागेल,” काका म्हणाले.

योगायोगाने तलासरीकडचा माझा एक विद्यार्थी त्या दिवशी वही घेऊन आला होता. वारली घरातला, शांत मुलगा. वर्गात तीन वर्षांत माझ्याशी तीन वाक्ये बोलला असेल. तो ओटीच्या पायरीवर बसून ऐकत होता. त्याने मोबाईलवर एक फोटो काढून काकांपुढे धरला. भाताच्या बांधावर चिखलाने माखलेले काळे कासव. पाठीवर तीन उभ्या कण्या, डोक्यावर पिवळसर जाळी. त्याच्या बापाच्या शेताजवळच्या ओढ्यातले. दरवर्षी पहिल्या पावसाला ते बांधावर दिसते आणि कोणी त्याला हात लावत नाही, असे तो म्हणाला.

या काळ्या कासवाच्याही पोटजाती आहेत. आपल्या द्वीपकल्पातले हे असे, डोक्यावर जाळी असलेले. केरळाकडच्या पोटजातीच्या डोक्यावर काळा मुकुट असतो. श्रीलंकेकडच्या पोटजातीच्या डोक्यावर तांबडे-नारिंगी ठिपके असतात. आपल्या तळ्याशेतांतल्या मऊ पाठीच्या, पोटाखाली झडपा असलेल्या कासवाच्या तीन पोटजाती मानतात. त्यांतल्या एकीला १८५४ साली नाव मिळाले ते गोव्याच्या कासवावरून. हेही कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. दूरदेशीची नावे दुकानदाराच्या चिठ्ठीवर असतात, आणि घरच्या कासवाला त्याच्या गावात नुसते ‘कासव’ म्हणतात.

“तुमची कासवं धरणात गेली तर याचं काय होईल?” मुलाने विचारले.

मी मला ठाऊक होते ते सांगितले. फ्रान्समध्ये तेथली देशी कासवे आणि ही परदेशी कासवे एका तळ्यात ठेवून पाहिली, तर ऊन खाण्याच्या चांगल्या जागा परदेशी कासवांनी बळकावल्या. कासवाला ऊन म्हणजे आपल्याला चूल. त्यावाचून त्याला अन्न पचत नाही. एक मादी एका वेळेला दोनपासून वीसपर्यंत अंडी घालते, आणि वर्षातून एकदाच घालते असेही नाही. शिवाय टबातले रोग ओढ्यात जातात ते वेगळेच.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, रागावू नका. पण ते धरण म्हणजे कोणाचा टब नाही.”

तीन वर्षांतले त्याचे हे चौथे वाक्य. काका रागावले नाहीत, पण चहा थंड होईपर्यंत बोललेही नाहीत. दुसऱ्या दिवशी बाजारातून दुसरा टब आला, हिरवा. राजाची रवानगी मागल्या पडवीत झाली. नातवाने दोन दिवस जेवणावर बहिष्कार घातला; तिसऱ्या दिवशी काकूंनी आंबोळ्या केल्या आणि तो मोडला.

प्रकरण येथे संपले असे आम्हांला वाटले. कासविणीची चाल आमच्या लक्षात आली नव्हती. नराचे बीज तिच्या शरीरात महिनेच्या महिने टिकून राहते. नवरात्रात एका रात्री काकांनी आमचे दार वाजवले. ओटीवर मोकळ्या फिरणाऱ्या राणीने काकूंच्या कर्दळीची कुंडी उकरून चार अंडी घातली होती. पांढरी, लांबट, चिमणीच्या अंड्यापेक्षा थोडी मोठी. नातू कुंडीपाशी उकिडवा बसून होता. त्याचे डोळे त्या अंड्यांएवढे झाले होते.

आत काही सुरू होण्यापूर्वी, त्याच दिवशी ती गोठवावीत, हा यावरचा उपाय. तो सांगायला माझी जीभ जड झाली. काकांनी प्रथम नातवाकडे पाहिले, मग माझ्याकडे. “त्यांना थंडी वाजेल?” नातवाने विचारले. अजून आत कोणी नाही, असे मी सांगितले. त्याने ते ताडून पाहिल्यासारखे माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मग स्वतःच उठून वाटी आणली.

काकूंनी फ्रिजचा बर्फाचा कप्पा रिकामा केला. नातवाने जुन्या वहीचे पान फाडून तारीख घातली, आणि माझ्याकडून दोनदा विचारून घेऊन, शुद्धलेखन सांभाळून लिहिले : राणी, स्क्रिप्टा एलिगन्स, अंडी चार. खाली थोडी जागा सोडून त्याने आणखी एक ओळ लिहिली : तलासरीच्या दादाला कळवणे.